झाडाच्या फोटोला दोनशे लाईक

हॉटेलच्या बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीशेजारी एक छोटं कार्ड असतं. 'पृथ्वी वाचवायला आम्हाला मदत करा. टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर टांगा, धुवायला द्यायचा असेल तर खाली टाका.' कोपऱ्यात एक हिरवं पान. बहुतेक लोक ते कार्ड वाचतही नसतील. आम्ही सोलापूरकर आधी टॉवेलच उलटून बघतो. किनार कशी शिवलीय, लूप किती दाट आहेत, जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचं वजन, किती असेल. माझे मिस्टर वैतागतात, "आंघोळीला चाललीस की इन्स्पेक्शनला?" त्यांचंही बरोबर आहे. पण ज्या गावाच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला, दोन्हींना जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, त्या गावात वाढलेल्या बाईने टॉवेल नुसता अंगाला लावून बाजूला ठेवायचा म्हणजे फारच झालं.

या कार्डाची एक गोष्ट आहे. १९८६ मध्ये जे वेस्टरवेल्ड नावाच्या अमेरिकन पर्यावरणवाद्याने त्यावर लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की हॉटेलवाले पृथ्वीचं नाव पुढे करून स्वतःचं धुलाईचं बिल वाचवतात. बाकी कचरा, वीज यांबाबत त्यांना फारसं काही करायचं नसतं. 'ग्रीनवॉशिंग', म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता मुलामा, हा शब्द त्या लेखनातून रूढ झाला. पुढे तो तेल कंपन्यांपासून फॅशन ब्रँडपर्यंत सगळ्यांना चिकटला, पण सुरुवात टॉवेलपासून झाली. टॉवेलच्या धंद्यात पगार घेणाऱ्या माझ्यासारखीला याची गंमतही वाटते आणि जरा टोचणीही लागते.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआर बघते. टॉवेल आणि बाथरोब, बहुतेक माल परदेशात. आमच्याकडे पर्यावरण हा विषय बायरच्या ई-मेलमधून आला. आधी ओएको-टेक्सचं प्रमाणपत्र मागितलं गेलं. १९९२ पासून चालत आलेल्या त्या मानकात कापडात घातक रसायनं उरली नाहीत ना, एवढं तपासतात. मग प्रश्नावल्या आल्या. पाणी किती, वीज किती, बॉयलरला काय जाळता, महिला कामगार किती, ट्रेनिंगचे तास किती. सेबीने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअर बाजारातल्या आघाडीच्या १००० कंपन्यांना बीआरएसआर नावाचा, व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल सक्तीचा केला. त्यात जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं आहेत आणि प्रत्येकाखाली प्रश्नांची रांग. आमची कंपनी लिस्टेड नाही. पण मोठ्या कंपनीला तिच्या मोठ्या साहेबाने विचारलं की ती तिच्या पुरवठादाराला विचारते, आणि तो प्रश्न उतरत उतरत शेवटी सोलापुरात माझ्या टेबलावर येऊन पडतो.

त्यातच एक प्रश्न होता: शाश्वततेची मूल्यं कर्मचाऱ्यांपर्यंत कशी पोहोचवता?

त्यावर आमच्याकडे उत्तर निघालं ते ॲपचं. कंपनीचं स्वतःचं, आतल्या आत चालणारं, फेसबुकसारखं. फोटो टाका, लाईक करा, कमेंट करा. जगात हा प्रकार नवा नाही. २००८ मध्ये यॅमर आलं, मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये ते १.२ अब्ज डॉलरला विकत घेतलं, आणि २०२३ मध्ये त्याचं नाव बदलून व्हिवा एंगेज झालं. फेसबुकने २०१६ मध्ये खास कंपन्यांसाठी 'वर्कप्लेस' काढलं आणि २०२४ मध्ये ते बंद करणार असल्याचं जाहीर केलं. लोकांना तासन्‌तास खिळवून ठेवायचा धंदा ज्यांना जमला, त्यांनाही कंपनीच्या आतली भिंत धंदा म्हणून चालवत राहावीशी वाटली नाही. हे मी मीटिंगमध्ये म्हणाले होते. तोवर ऑर्डर गेली होती.

सोलापुरात कारखान्याने कामगारांशी बोलायची रीत फार जुनी आहे. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिलाच गाव अजून 'जुनी मिल' म्हणतं. माझे वडील गिरणीतले. त्यांच्या बोलण्यात कारखान्याच्या निरोपाची तीन ठिकाणं यायची. पहिला भोंगा. तो सगळ्या गावासाठी वाजायचा आणि त्याला उलटून कुणी काही विचारत नसे. दुसरा नोटिशीचा फळा, गेटच्या आत, जाळीच्या दारामागे कुलूपबंद. साहेबांनी लावायचं आणि कामगारांनी वाचायचं, तेही वाचता येणाऱ्यानं बाकीच्यांना सांगायचं. तिसरी गेटसभा. पाळी सुटली की गेटवर उभं राहून कुणीतरी बोलायचं. बाकीचे ऐकायचे, मध्येच ओरडायचे, शिव्या द्यायचे, हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी काय करायचं ते तिथेच ठरायचं. वडील भोंग्याला घाबरायचे आणि गेटसभेला थांबायचे.

ॲप विकायला आलेल्या पोरानं स्लाईडवर गेटसभा दाखवली होती. म्हणजे त्याच्या भाषेत 'टू-वे कम्युनिकेशन'. आम्ही बसवला तो भोंगा, फक्त त्याला खाली लाईकचं बटण होतं.

पर्यावरण दिनाचं उदाहरण सांगते. ५ जूनला एमडी साहेबांनी गेटजवळ कडुलिंबाचं रोप लावलं. मागच्या वर्षीच्याच खड्ड्याच्या जरा बाजूला. मागच्या वर्षीचं रोप मे महिना काढू शकलं नव्हतं. फोटो ॲपवर गेला. संध्याकाळपर्यंत दोनशेच्या वर लाईक. माझ्या डॅशबोर्डवर हिरवी रेघ सरळ वर चढली आणि महिन्याच्या अहवालात 'एंगेजमेंट' या मथळ्याखाली तीच छापली गेली.

ते लाईक कसे आले ते मी पहिल्या पाळीच्या सुट्टीला स्वतः पाहिलं. लूमशेडच्या, म्हणजे मागांच्या खात्याच्या, दाराशी जॉबर (मुकादम) मामा उभे. हातात चार फोन, एकावर एक रचलेले, पत्त्यांच्या डावातल्यासारखे. ज्यांना ॲप उघडायचा कंटाळा, त्यांनी फोन मामांकडे सोपवलेले. मामा एकेक फोन घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, फोटो शोधायचे, अंगठा दाबायचे, फोन परत द्यायचे. एक पोरगा बाजूने जाताना ओरडला, "माझं पण करा की मामा, सुपरवायझर लिस्ट बघतंय म्हणे!" दुसरा त्याला म्हणाला, "तू अजून केलं नाहीस व्हय बे?" मला पाहून मामा हसले. "मॅडम, माझा बाप पगाराला अंगठा लावायचा. आम्ही शिकलो, सही केली. आता परत अंगठ्यावर आलो."

एंगेजमेंट ही गोष्ट मोजायची म्हटली की असंच काहीतरी होणार. १९९० मध्ये विल्यम कान या अमेरिकन अभ्यासकाने एका उन्हाळी शिबिरातल्या आणि एका आर्किटेक्चर फर्ममधल्या लोकांचा अभ्यास करून, माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी काढून घेतो, हे मांडलं. त्याला तीन गोष्टी दिसल्या. कामात अर्थ वाटला पाहिजे. बोललो तर अंगलट येणार नाही, याची खात्री पाहिजे. आणि अंगात, मनात तेवढं त्राण शिल्लक पाहिजे. पुढे या विचाराभोवती कन्सल्टिंगचा मोठा बाजार उभा राहिला आणि त्याची एक ते पाच गुणांची प्रश्नावली झाली. जगभर वापरल्या जाणाऱ्या गॅलपच्या बारा प्रश्नांत एक विधान आहे: कामाच्या ठिकाणी माझा जिवलग मित्र आहे. त्याच चालीचा प्रश्न आम्हीही मराठीत आणि तेलुगूत छापून वाटला. शिलाईतल्या एका अक्कांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, हो लिहिलं तर आमच्या दोघींची लाईन वेगळी करणार का?" कानच्या तीन गोष्टींतली दुसरी इथे किती शिल्लक होती, ते मला त्या प्रश्नातून कळलं. फॉर्म भरून घ्यायची गरजच नव्हती.

त्याच आठवड्यात डाईंगमधून एक व्हॉइस नोट आली. ॲपवर बोलून निरोप ठेवायची सोय होती, पण तोवर तिला कुणी हात लावलेला नव्हता. आवाज साधारण पन्नाशीच्या माणसाचा. घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलत आयुष्य गेलेला, शहराच्या पूर्वभागातला अस्सल सोलापुरी आवाज. मागे मशीनची घरघर.

"मॅडम, काळा लॉट निघाल्यावर शेवटचं धुणं असतंय नव्हं, ते पाणी बगा की एकदा येऊन. पाण्यात हात घातला तर हात दिसतोय. सगळं ईटीपीला सोडतोय आपण. दुसऱ्या लॉटच्या पहिल्या धुण्याला तेच चालतंय, गडद शेड असला की काय बी फरक पडत नाय. आमच्या घरी चार दिवसानं नळ येतोय मॅडम. असलं पाणी सोडून द्यायचं जिवावर येतंय."

ज्यांना डाईंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सुती धागा रिॲक्टिव्ह रंगात रंगवला की सगळा रंग धाग्याला धरत नाही. न धरलेला रंग, मीठ आणि सोडा काढायला धागा पुन्हा पुन्हा धुवावा लागतो: आधी गार पाणी, मग आम्लाचा हलका हात, मग उकळत्या पाण्यात साबण, मग गरम, मग पुन्हा गार. पहिलं पाणी शाईसारखं निघतं. शेवटचं जवळजवळ नितळ. ही सगळी पाणी एकाच पन्हळीतून ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटला गेली, तर नितळ पाणीही घाण पाण्यात मिसळतं आणि तेही साफ करायचा खर्च अंगावर येतो. शेवटचं पाणी वेगळ्या टाकीत धरून पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला वापरणं ही या धंद्यात पाठ्यपुस्तकी गोष्ट आहे. ती न करण्याची कारणंही नेहमीची. टाकीला जागा नाही, पायपिंग कोण करणार, फिक्या शेडवर डाग आला तर रिजेक्शन कुणाच्या माथी?

त्या व्हॉइस नोटला तीन लाईक मिळाले. उत्तर एकही नाही. ॲपच्या हिशेबात ती त्या महिन्यातली सगळ्यात कमी 'परफॉर्म' करणारी पोस्ट होती.

आता पुन्हा हॉटेलच्या कार्डाकडे येते, कारण त्याची पुढची गोष्ट मला ॲपच्या कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त उपयोगी पडली. २००८ मध्ये गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशस या तिघांनी अमेरिकेतल्या एका हॉटेलात केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही खोल्यांत नेहमीचं 'पर्यावरण वाचवा' कार्ड ठेवलं आणि काही खोल्यांत 'बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' असं. पर्यावरणाच्या कार्डाला सुमारे ३५ टक्के लोकांनी दाद दिली, पाहुण्यांच्या कार्डाला ४४ टक्के. दुसऱ्या फेरीत त्यांनी आणखी एक मजकूर घातला: 'याच खोलीत उतरलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला.' तो सगळ्यांच्या पुढे गेला, ४९ टक्के. वास्तविक त्या खोलीत आधी कोण राहून गेलं याच्याशी आपला काय संबंध? पण माणसाला पृथ्वी लांब वाटते आणि खोली जवळची.

पुढे २०१४ मध्ये जर्मनीत हाच प्रयोग पुन्हा केला गेला, तर 'बहुतेक पाहुणे' म्हणणाऱ्या कार्डाचा तो जोर तिथे दिसला नाही. बहुतेक पाहुणे मुळातच टॉवेल पुन्हा वापरत होते आणि साध्या कार्डावरही काम भागत होतं. मला दोन्ही निकाल एकत्र वाचायला आवडतात. माणूस बघतो ते शेजारचा काय करतोय ते. आणि जो आधीपासूनच काटकसर करतोय, त्याच्यापुढे कार्ड नाचवून फारसं काही हाती लागत नाही.

सोलापूरच्या कामगाराला पाण्याची किंमत पोस्टर लावून सांगायची म्हणजे काय? उजनी धरण जिल्ह्यात, पाइपलाइन गावापर्यंत, आणि तरी नळ येण्याचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवायचा, हे इथल्या घराघरांत अंगवळणी पडलेलं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी अंगणाला. जुन्या चादरीची दुलई, दुलईचं पायपुसणं, आणि त्याच्याही चिंध्या झाल्या की मागावर तेल पुसायला. आमच्या 'सस्टेनेबिलिटी वीक'च्या स्लाईडवर 'रियुज'च्या नावाखाली परदेशातल्या बाटल्यांच्या कुंड्या होत्या. शिलाईतल्या बायकांनी त्या शांतपणे पाहिल्या आणि मग एकमेकींत तेलुगूत काहीतरी बोलून खळखळून हसल्या. काय बोलल्या ते मला कुणी सांगितलं नाही.

आणि ही माणसं एकत्र येऊन काही करत नाहीत म्हणावं, तर तेही खरं नाही. आमच्याकडच्या कितीतरी जणी सोलापूरजवळच्या कुंभारीहून येतात. तिथे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची, विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे. त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर उभं राहिलं आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम यांच्यासारख्यांची युनियन होती, वर्षानुवर्षांचे मोर्चे होते, सरकारी कचेऱ्यांचे खेटे होते. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईने मोर्चासाठी दिवसभराची मजुरी बुडवली, तर तिच्या बांधिलकीला किती गुण द्यायचे? पाचपैकी?

म्हणून मला कधीकधी वाटतं, की 'कर्मचारी उदासीन आहेत' हे वाक्य एचआरमध्ये बंदच केलं पाहिजे. उदासीन असतं ते व्यासपीठ. माणसाला बोलायचं असतं, पण बोललेलं कुठे जातं ते त्याला एकदा कळलं की तो पुन्हा बोलत नाही. मूल्यं ही कंपनीने वरून खाली सांगायची गोष्ट आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल भोंगा वाजवावा, तो स्वस्तही पडतो. डाईंगमधल्या माणसाला आमच्या व्हिजन स्टेटमेंटमधलं एक अक्षर पाठ नव्हतं, आणि त्यातलं सगळं त्याने एका मिनिटात, पाण्यात हात घालून सांगितलं होतं.

ती व्हॉइस नोट मी ॲपमधून काढून फोनवर घेतली आणि डाईंग मास्टरांना थेट ऐकवली. मास्टर आधी चिडले. "मला सांगायचं सोडून ॲपवर कशाला?" दोन दिवसांनी स्वतःच टेस्ट लावली. नेव्ही आणि काळ्या शेडवर दोन्ही प्रकारे धुतलेले नमुने प्रकाशाच्या पेटीत शेजारी शेजारी ठेवले. मला तर फरक दिसलाच नाही, पण माझ्या डोळ्यांवर कुणी विसंबत नाही. मास्टरांनाही दिसला नाही, हे महत्त्वाचं. भंगारात पडलेली एक स्टीलची टाकी निघाली. पायपिंग मेंटेनन्सवाल्यांनी रविवारी केलं. फिक्या शेडला हे पाणी वापरायचं नाही, अशी अट मास्टरांनी खडूने टाकीवरच लिहिली.

त्यानंतर ॲपमध्ये मी एक बदल मागून घेतला. सगळ्या कंपनीची एकच भिंत होती, ती खात्याखात्यांत तोडली. डाईंगचं डाईंगला दिसेल, लूमशेडचं लूमशेडला. वर मथळा साधा: 'आपल्या खात्यात या आठवड्यात'. टाकीतून किती पाणी परत फिरलं, तो आकडा पाळीवरचा माणूसच टाकतो. त्यावर तीस-चाळीस लाईक येतात आणि कमेंटमध्ये भांडणं होतात. रातपाळीचा आकडा कमी का, झडप कुणी उघडी ठेवली, खोटा आकडा टाकलास का बे. व्यवस्थापनाच्या एका मीटिंगमध्ये या भाषेबद्दल तक्रार झाली. मी म्हटलं, हीच ती एंगेजमेंट, बायरला स्क्रीनशॉट हवा असेल तर भाषांतर करून देते.

लूमशेडने आपल्या भिंतीवर अजून काही सुरू केलेलं नाही. मामा म्हणतात, आमच्याकडे पाणी नाही, फक्त आवाज आहे. त्यावर काय करायचं ते बघू.

बायरची या वर्षीची प्रश्नावली आता पुन्हा आली आहे. किती कर्मचाऱ्यांना शाश्वततेचं प्रशिक्षण दिलं, हा रकाना तसाच. तक्रारी किती आल्या, किती मिटल्या, तोही आहे. कर्मचाऱ्याने काही सुचवलं आणि कंपनीने ते केलं, याला रकाना नाही, म्हणून 'इतर माहिती'त टाकीबद्दल लिहिलं. मात्र सगळं लिहिता आलेलं नाही, कारण पुढची गोष्ट अजून चालू आहे.

उन्हाळ्यात आम्हाला पाण्याचे टँकर घ्यावे लागतात. या उन्हाळ्यात ते कमी लागले, हे अकाउंट्सला कळायच्या आधी डाईंगला कळलं; गेटवर टँकर मोजणारा वॉचमन त्यांच्यातल्याच एकाचा मेहुणा. मग डाईंगच्या भिंतीवर पोस्ट आली, व्हॉइस नोट नव्हे, यावेळी टाईप करून: 'वाचलेल्या टँकरचे पैसे कंपनीच्या किती आणि आमच्या किती?' खाली खात्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचा लाईक. मामांनी दाबलेले नव्हेत.

ही पोस्ट काढून टाकावी, असं मला वरून तोंडी सांगण्यात आलं आहे. लेखी द्या म्हटलं, ते अजून कुणी दिलेलं नाही. पोस्ट जागेवर आहे, आणि सोमवारच्या मीटिंगच्या अजेंड्यात मी ती पहिल्या क्रमांकावर घातली आहे, टँकरच्या बिलांच्या प्रतींसकट.